डावीकडचा पडदा

सरावाची काठी कमरेच्या पट्ट्यात रोवून चनमल्लप्पा पटांगणात चालत होता आणि डावीकडून आलेला, सरावातला तरुण गडी शरणप्पा त्याला दिसलाच नाही. खांद्याला खांदा लागला, काठी कलली, चौघांनी धावून ती सावरली.

"काय काका, सकाळी सकाळीच घिऊन आलाव का काय?" शरणप्पा म्हणाला. पटांगणात हशा पिकला.

चनमल्लप्पाच्या गळ्यात इष्टलिंग होतं आणि दारूला तो जन्मात शिवला नव्हता. पण टोमणा त्याला लागला नाही. एवढा धिप्पाड माणूस अंगावर येईपर्यंत आपल्याला दिसला कसा नाही, या विचारात तो घरी गेला.

१९३५ सालची संक्रांत तोंडावर आली होती. सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा भरते आणि मानाच्या उंच काठ्या, म्हणजे नंदीध्वज, पेठांमधून मिरवत जातात. त्यांतली एक काठी चनमल्लप्पाच्या आजोबांनी पेलली, मग वडिलांनी, वडिलांमागे त्याने. ज्वारीच्या दुकानापेक्षा या काठीमुळेच पेठेत त्याला ओळखत. घरात मुलगा नव्हता. दोघी मुली सासरी होत्या. त्याच्या हातातून काठी गेली की ती घरातून कायमची जाणार होती.

जेवताना डावीकडे ठेवलेला ताकाचा तांब्या त्याच्या कोपराने लवंडला.

"परवा बी सांडलाव," बायको रुद्राणी म्हणाली. "बघू, उजवा डोळा झाका."

त्याने झाकला. समोर रुद्राणीचा चेहरा नीट दिसत होता, नाकातली चमकी दिसत होती. पण डावीकडून करडा पडदा ओढल्यासारखा झाला होता. पडद्याच्या कडेला मधूनच ठिणगी उडत होती.

"कवापासनं हाय हे?"

"हाय थोडे दिवस. जाईल की."

म्हातारी काशम्मा आतून मीठमिरच्या घेऊन आली. लेकाला नजर लागली, एवढी मोठी काठी घेऊन चारचौघांत मिरवतो, लागायचीच, असं म्हणत तिने त्या उतरून चुलीत टाकल्या. सगळं घर खोकलं. शेजारच्या वैद्यांनी उष्णता सांगितली आणि टाळूवर एरंडेल थापलं. पडदा काही हटला नाही. किंबहुना नाकाकडे थोडा सरकला.

तेव्हा रुद्राणी त्याला डॉक्टर यज्ञेश्वरांकडे घेऊन गेली. मुंबईत डोळ्यांचं काम शिकून आलेला हा तरुण माणूस घाईने काही बोलत नसे.

"एकाच डोळ्याची कडेची नजर जायला कारणं बरीच असतात," डॉक्टर म्हणाले. "काचबिंदू असू शकतो. डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या शिरेला सूज असू शकते. आतली रक्तवाहिनी तुंबलेली असेल, मागे गाठ वाढत असेल, नाहीतर ज्यावर चित्र उमटतं तो आतला पडदा सुटला असेल. एकेक बघून वगळू."

"यवढं सगळं एका डोळ्यात मावतंय व्हय?" रुद्राणी म्हणाली.

डॉक्टरांनी मिटलेल्या पापणीवरून बोटांनी डोळा चाचपला. दगडासारखा घट्ट लागला नाही. बोट हलवत कडेकडून मध्ये आणलं आणि कुठे दिसतं ते विचारलं. मग औषधाचे थेंब घातले, बाहुली मोठी होऊ दिली, खोलीत अंधार केला आणि मध्ये भोक असलेला आरसा डोळ्यापुढे धरून बराच वेळ आत बघितलं.

"डोळ्याला कधी मार बसला होता?"

"न्हाय."

"व्हय की!" रुद्राणी म्हणाली. "श्रावणात मंद्रूपच्या बाजारात बैलाचं शिंग लागलं न्हवतं का? डोळा वांग्यावानी सुजला हुता."

"शिंग न्हवं. शिंगावरची पितळी शेंबी लागली हुती."

"बघा! शेंबीला मार म्हनत न्हाईत आमच्यात."

डॉक्टर हसले नाहीत. "ओल धरलेल्या गिलाव्याचा भिंतीवरून पोपडा सुटतो ना, तसा आतला पडदा सुटलाय. त्याला भोक पडलंय. मधला भाग अजून धरून आहे. माणसं ओळखता ती त्याच्या जोरावर. तो सुटला तर नंतर फारसं काही करता येणार नाही. आजपासून उताणं झोपायचं, दोन्ही डोळे बांधून, डोकं न हलवता. पोपडा थोडा बसला की पुण्याहून सर्जन बोलावतो. ते भोकाची कड डागून पडदा चिकटतो का बघतील."

"बगतील? म्हंजे खात्री न्हाय?"

"नाही."

"मग जत्रा झाल्यावर झोपतो."

"काठी पेलताना दम कोंडता की नाही?"

"त्याबिगर उभी ऱ्हाईल का ती?"

"त्याच दमात उरलेला पडदा सुटेल."

परतताना चनमल्लप्पा रस्ताभर एकच गोष्ट तोलत होता. दुसरा डोळा धड होता. एक डोळा गेला तरी ज्वारी तोलता येते, दुकान काही बंद पडत नाही, एवढ्यावर काठी मिळत असेल तर सौदा वाईट नाही, असा हिशेब त्याने मनात जवळजवळ पक्का केला होता. इतक्यात गल्लीच्या तोंडाशी पतंगामागे धावणारं एक पोर डावीकडून येऊन त्याच्या मांडीवर आदळलं. तेही त्याला दिसलं नव्हतं. मिरवणुकीत या गल्लीत दोन्ही बाजूंना पोरंच पोरं असतात, आणि काठी कलली की खाली कोण आहे ते बघून पडत नाही.

तो घरी न जाता तसाच पटांगणात गेला.

"उद्यापासनं माझी काठी शरणप्पा घील," त्याने सगळ्यांसमोर सांगितलं आणि डोळ्याचं कारणही सांगितलं.

म्हातारे सिदूअण्णा मान हलवून म्हणाले, "देवानंच काढून घेतली म्हनायची."

"देवानं न्हाय घेतली, अण्णा. मी देतुय. बैलाची शेंबी लागली, पडदा सुटला. ह्यात देवाला कशाला वढता?"

त्याने पट्टा काढून शरणप्पाच्या कमरेला स्वतः बांधला. शरणप्पाचा चेहरा उतरला होता. "काका, त्या दिवशी मी नुसती चेष्टा—"

"चेष्टेचं काय घिऊन बसलास? वळणावर तू वर शेंडा बगतोस. बगू नगंस. काठी पोटाला कळती, डोळ्याला न्हाय."

त्याच संध्याकाळी तो खाटेवर उताणा पडला. दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. रुद्राणी चमच्याने कण्या भरवायची. पाठ आंबून गेली की तो तिच्यावर खेकसायचा, आणि ती म्हणायची, "वरडा, पर मान तिथंच ठिवा." डॉक्टर बघून जायचे; त्यांनी पुण्याच्या सर्जनचं नाव काढलं की तो म्हणायचा, "जत्रा होऊ द्या."

संक्रांतीला हलग्यांचा आवाज गल्लीत शिरला. जयजयकार जवळ आला आणि दारासमोरच्या वळणावर थबकला. काशम्माला राहवेना.

"एवडा वेळ उठून बस रे लेका. दारात काठी आलीया."

"अत्ती, हात लावू नगा त्यास्नी," रुद्राणी सासूला म्हणाली आणि खाटेच्या उशाला जाऊन उभी राहिली.

चनमल्लप्पाच्या दोन्ही मुठी पोटावर आल्या होत्या, काठीचा बुडखा धरल्यासारख्या. बाहेर हलग्या एकदम थांबल्या. गर्दीतून "अरं, अरं!" असा आवाज उठला. बायका पोरांना मागे ओढत ओरडू लागल्या.

"शेंडा बगू नगंस, शरण्या!" चनमल्लप्पा छताकडे तोंड ठेवून गरजला. "पोटानं धर! पोटानं!"

क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग हलगी वाजली, दुसरी वाजली आणि जयजयकार वळण घेऊन पुढे निघाला.

रुद्राणीने वाकून बघितलं. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या होत्या, पट्टीखालून पाणी कानाकडे ओघळत होतं. वाळूच्या पिशव्या मात्र जागच्या हलल्या नव्हत्या.

"नीट वळली का गं?" त्याने विचारलं.

"वळली. तुमच्या वरडन्यानं हलगीवालाच घाबरला जनू."

त्याने मुठी सोडल्या आणि हात अंगाशी सरळ केले.

"डॉक्टरला निरोप धाड," तो म्हणाला. "मी तयार हाय. पुण्याच्या सायबाला आता बोलवा म्हनावं."