रिकाम्या कोठीतले पाहुणे

मी एक जुनी पत्र्याची कोठी आहे, मित्रांनो, अंगभर पोचे पडलेली. कळंबच्या पत्रेवाल्यानं मला ठोकून ठोकून घडवलं आणि मी सत्यभामाबाईंच्या घरी आले. कडुनिंबाचा पाला घालून त्या माझ्यात ज्वारी भरायच्या. "माज्या कोठीला किडा शिवत न्हाय," असं साऱ्या गल्लीत सांगायच्या.

पुढं रानात सोयाबीन आलं. ते रानातूनच आडतीवर विकायला जाऊ लागलं आणि मी रिकामी पडले. माझ्या डोक्यावर मोडका पंखा आला.

सत्यभामाबाईंची नात शिवांजली चौथीत आहे. इंग्रजी शब्दात जे अक्षर तोंडानं बोलत नाहीत, ते तिच्या हातून लिहायचं राहून जाई. नाइफचा के, आयलंडमधला एस. वर्गातली पोरं हसली, तशी ती अडून बसली, "मी शाळंत जाणारच न्हाय."

तिची आई वृषाली भाकरी थापत होती. म्हणाली, "अगं, त्या अक्षरांना बाहेर बोलायची बंदी हाय. कोठीत कुठं बंदी हाय? जा, तिथं बोलव त्यांना."

शिवांजलीनं पंखा खाली उतरवला आणि झाकण काढून तोंड आत घातलं. "क्‌-नाइफ! इस-लँड!" माझं सारं पोट घुमलं. मित्रांनो, असे पाहुणे माझ्याकडं कधीच आले नव्हते! मग रोज तेच. आधी माझ्यात ओरडायचं, मग झाकण लावून गुपचूप लिहायचं. तिची भीती हळूहळू उतरू लागली.

यंदा सत्यभामाबाईंनी हट्टानं ज्वारी पेरली होती. नेमकी इंग्रजीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी पोती घरी आली.

"भरा कोठी," त्या म्हणाल्या.

शिवांजली रडवेली झाली. "आजी, भरल्यावर ती बोलत न्हाय."

"कोठी बोलती व्हय गं, खुळे?" म्हणत त्या वाकल्या आणि माझ्यात हाक मारली, "शिवेऽऽ!" मी जीव ओतून ती परत दिली. त्या जराशा तशाच वाकून राहिल्या.

"पोती माज्या खोलीत टाका. उद्या भरू."

"आन् मी निजू कुठं?" आजोबा रामकिसन कुरकुरले.

"पोत्यावर! लई मऊ लागतंय."

सकाळी शिवांजली आपल्या पायांनी शाळेत गेली.

मित्रांनो, घरातलं एखादं भांडं रिकामं दिसलं, तर त्याला लगेच टाकाऊ म्हणू नका. आधी आत एक हाक मारून बघा.

तिला किती मार्क पडले, म्हणता? मला ठाऊक नाही. ती घरी यायच्या आत मला भरलं होतं, आणि भरल्या पोटी मला काही ऐकू येत नाही.