जांभळ्या झाकणाची नळी

प्रयोगशाळेत त्यांना सगळे मावशी म्हणत. सख्खी बहीण एकच आणि तिला मूलबाळ नाही, म्हणजे हक्कानं मावशी म्हणणारं जगात कुणीच नव्हतं. पण एकतीस वर्षं एकाच टेबलाशी बसलं की माणसाला काहीतरी नाव पडतंच. निवृत्तीला चार महिने उरले होते, आणि मावशी इतक्या थकल्या होत्या की तेवढे चार महिने दुसऱ्या कुणीतरी काढून द्यावेत असं त्यांना वाटे.

काम सांगायला सोपं, करायला कंटाळवाणं. फ्लूच्या विषाणूच्या अंगावर एक एन्झाइम असतं, म्हणजे एक कात्रीच म्हणा. विषाणू आपल्या पेशीत शिरतो, पिलावळ वाढवतो, आणि बाहेर पडताना ती पिलावळ पेशीवरच्या साखरेला चिकटून बसते. कात्री ती साखर कापते, की पिलं मोकळी. आता माणसाच्या रक्तातल्या काही अँटिबॉडी या कात्रीच्या तोंडात नेमकं बोट घालून बसतात, आणि कात्री चालेनाशी होते. विषाणू दर वर्षी कपडे बदलतो, त्यामुळे जुन्या अँटिबॉडी त्याला ओळखत नाहीत. पण कात्रीचं तोंड बदललं तर त्याचंच काम अडेल, म्हणून तिथं तो फारसा फेरफार करत नाही. असं बोट घालणारी अँटिबॉडी कुणाच्या रक्तात सापडली, तर ती कितीतरी फ्लूंना पुरून उरेल. तिच्या शोधात मावशी प्लेटा भरत. एका प्लेटीत शहाण्णव खड्डे. तळाशी साखर, वर विषाणू आणि कुणाच्या तरी रक्तातलं पाणी, दर खड्ड्याला निम्मं पातळ करत नेलेलं. कात्री चालली तर शेवटी पिवळा रंग येतो. अँटिबॉडीनं धरली तर खड्डा कोरा राहतो. पिवळ्या रंगाचा मावशींना इतका वीट आला होता की घरात त्यांनी पिवळा टॉवेलसुद्धा ठेवला नव्हता.

हात कामात असले की मावशींचं लक्ष माणसांवर असे. साहेब दिवसातून सरासरी अकरा वेळा 'बघू' म्हणत, त्यातलं एखादंच खरं निघे. आणि शेजारच्या टेबलावरची संशोधक मुलगी, वय चौतीस, पीएचडीचं सातवं वर्ष, आठवड्यातून दोनदा हात धुण्याच्या जागी रडून येई आणि साबण डोळ्यात गेला म्हणून सांगे. सात वर्षं डॉक्टर होणार, होणार म्हणून सगळे तिला 'भावी' म्हणत. आता ती त्या हाकेला ओ देई, तीही न चिडता. हे मावशींना रडण्यापेक्षा वाईट वाटे.

अशात ह्यांचं रक्त उजेडात आलं.

'हे' म्हणजे मावशींचे यजमान. चाळीस वर्षं स्वतःचं सलून. गिऱ्हाईक खुर्चीत मान मागे टाकून शिंकतं आणि शिंक येते ती केस कापणाऱ्याच्या तोंडावर. गावातला एकही खोकला त्यांच्या नाकावरून गेल्याशिवाय राहिला नव्हता. तरी माणूस कधी आडवा पडला नाही, आणि हे ते दिवसातून एकदा तरी सांगत. मावशींनी सहज प्रयोगशाळेत हे बोलून दाखवलं, भावीचे कान टवकारले, साहेब 'बघू' म्हणाले, आणि यजमानांनी मोठ्या ऐटीत फॉर्मवर सही केली. फक्त प्रयोगशाळेत यायला नकार दिला. "सुई घरी टोच. चार लोकांत मला चक्कर आली तर धंदा बसेल."

प्लेट आली तेव्हा भावी खुर्चीतून उठली. नऊ जातींचे फ्लू, नऊ ओळी. नऊच्या नऊ ओळींत सुरुवातीचे खड्डे कोरे!

"मावशी, काकांनी नऊही धरले!"

साहेबांनी त्या दिवशी एकदाही 'बघू' म्हटलं नाही. गुरुवारी दुपारी तीन वाजता भावीची समितीपुढे परीक्षा ठरलीच होती. हा निकाल तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण झाला. घरी यजमान आरशासमोर उभे राहून स्वतःच्या दंडाकडे बघू लागले. सलूनमध्ये ते प्रत्येकाला सांगत, "या, बिनधास्त शिंका. नऊ जाती खिशात आहेत."

मंगळवारी मावशी त्या प्लेटीचे आकडे वहीत उतरवत होत्या. आठ ओळी. आठही ओळींत कोरेपणा दुसऱ्या खड्ड्याला संपला होता आणि तिसऱ्यापासून पिवळा धमक. नववी ओळ तेवढी सहाव्या खड्ड्यापर्यंत गेली होती. मावशींचं पेन थांबलं. माणसाच्या रक्तात आवडनिवड असते. एका फ्लूला ते घट्ट धरतं, दुसऱ्याला सैल, तिसऱ्याकडे बघतही नाही. आठ जणांना एकाच मापानं वागवणारं रक्त त्यांनी एकतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. घरात तरी ह्यांनी दोन माणसांना सारखं कुठं वागवलंय!

मग त्यांना ती नळी आठवली.

रक्त घेतलं त्या दिवशी या कामाला लागणाऱ्या लाल झाकणाच्या, बिनऔषधाच्या नळ्या प्रयोगशाळेतच राहिल्या होत्या. पर्समध्ये होती बहिणीच्या तपासणीसाठी घेतलेली एक जांभळ्या झाकणाची. यजमान बाही वर करून, डोळे गच्च मिटून बसलेले. पुन्हा जिने उतरायचे, पुन्हा चढायचे? रक्त ते रक्त, असं म्हणून मावशींनी सुई टोचली. नळी पाव भरते न भरते तोच यजमान "पुरे, पुरे, डोळ्यांपुढे अंधारी" म्हणून कलंडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी ते रक्त यंत्रात फिरवून वरचं पाणी छोट्या कुप्यांत भरलं आणि नळी टाकून दिली. कुपीला झाकणाचा रंग नसतो.

जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून एक औषध आधीच घातलेलं असतं. ते कॅल्शियम पकडून ठेवतं. आणि कॅल्शियमशिवाय ही कात्री चालत नाही. नळी पाव भरलेली, म्हणजे औषध चौपट कडक. खड्ड्यात कॅल्शियम घातलेलं असतं, पण ते अशा डोसाला कुठवर पुरणार? पहिल्या दोन खड्ड्यांत कात्री अँटिबॉडीनं धरलीच नव्हती. तिला उपाशी ठेवलं होतं.

जगात हे एकट्या मावशींना माहीत होतं. गप्प बसल्या असत्या तर गुरुवारी भावी डॉक्टर झाली असती आणि चार महिन्यांनी मावशी घरी. त्या रात्री यजमानांनी तिसऱ्यांदा तोच शिंकेचा किस्सा सांगितला, तेव्हा मावशी जेवणावरून लवकर उठल्या.

बुधवारी त्यांनी कुणाला न विचारता पुन्हा प्लेट भरली. तेच रक्त, त्याच नऊ जाती, फक्त प्रत्येक खड्ड्यात कॅल्शियम जास्तीचं. रात्रभर प्लेट उबेत राहिली. गुरुवारी सकाळी दहा वाजता त्यांनी शेवटचं रसायन घातलं आणि हात मांडीवर ठेवून बसल्या. आठ ओळी पहिल्या खड्ड्यापासून पिवळ्या झाल्या.

भावी समितीसाठी इस्त्रीचे कपडे घालून आली होती. मावशींनी प्लेट तिच्यापुढे सरकवली आणि झाकणापासून चक्करेपर्यंत सगळं सांगितलं. भावीनं ऐकलं. साबणाकडे गेली नाही.

"आजच सांगायचं होतं का?"

"काल सांगितलं असतं, पण नुसता संशय होता. संशयानं मी तुझं प्रकरण फाडायचं?"

"चार वाजता सांगितलं असतं तर?"

"तर तू डॉक्टर असतीस," मावशी म्हणाल्या, "आणि वर्षभरानं दुसऱ्या कुणीतरी हीच प्लेट भरून तुला खोटं पाडलं असतं. तेव्हा मी कुठंतरी बाकावर ऊन खात बसले असते."

भावीनं खुर्ची ओढली. प्लेट उजेडाकडे वळवून ती ओळी मोजू लागली. मग तिनं बोट ठेवलं. "ही ओळ?"

नववी ओळ सहाव्या खड्ड्यापर्यंत अजून कोरी होती. ती फार जुनी जात. यजमान शाळेत होते तेव्हा फिरून गेलेली.

"ती खरी आहे," मावशी म्हणाल्या. "लहानपणी कधीतरी झाला असेल. म्हणे कधी आडवा पडलो नाही!"

भावी हसली, पण फार नाही. दोघी साहेबांकडे गेल्या. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "परीक्षा पुढे ढकलायला सांगतो. तीन महिने तरी." मग मावशींकडे वळून, "तुम्ही इतक्या वर्षांत..." एवढं म्हणून थांबले.

"हो ना," मावशी म्हणाल्या. "इतक्या वर्षांतच होतं हे. पहिल्या वर्षी मी झाकण दोनदा बघत होते."

"त्या नवव्या ओळीचं काय करता येईल?" भावीनं विचारलं.

"बघू," साहेब म्हणाले. आणि मावशींच्या अंदाजानं हे त्या दिवसाचं खरं होतं.

संध्याकाळी घरी यजमान पाय पाण्यात सोडून बसले होते. दिवसभर उभं राहून त्यांच्या टाचा सुजत. मावशींनी समोर बसून सांगून टाकलं. नऊ नाहीत. एकच.

"म्हणजे त्या नळीनंच धरले आठ?"

"नळीतल्या औषधानं."

"आणि मी सगळ्या गावाला शिंकायला लावलं!"

"लावलंत."

यजमान पाण्यात बोटं हलवत राहिले. "पण एकाला मी धरलं ना? माझं मी?"

"तुमचं तुम्ही. साठ वर्षं होत आली, अजून सोडलेलं नाही. खात्री करायला नवं रक्त मात्र लागेल."

"त्या पोरीचं काय झालं?"

"तीन महिने पुढे."

त्यांनी पाय बाहेर काढले, पुसले, आणि उजव्या हाताची बाही वर गुंडाळायला लागले. "आण मग. आणि या खेपेला चक्कर आली तरी नळी भरेपर्यंत थांबू नकोस."

मावशींनी पर्स उघडली. नळी दिव्याखाली धरली. लाल झाकण. फिरवून पुन्हा बघितलं. लालच.

"आता काय दृष्ट काढतेस का तिची?" डोळे गच्च मिटून यजमान म्हणाले. "टोच लवकर."