बंद पडद्याच्या नावावर

कॉलेजच्या नेटवर्कच्या किल्ल्या ज्यांच्या हातात होत्या, त्यांना मुलं कुलूपकाका म्हणत. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण काकांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. एकोणीस वर्षं ते तळमजल्यावरच्या त्या गार खोलीत बसत होते. आत यंत्रांची अखंड घरघर आणि भर उन्हाळ्यातही अंगात स्वेटर. अभ्यासाच्या साइट उघड्या, सिनेमे बंद, ऑनलाइन गेम तर कडेकोट बंद. दरवर्षी नवी मुलं यायची, कुणीतरी पळवाट काढायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाआधी काका ती बुजवून मोकळे व्हायचे.

त्या वर्षी मात्र त्यांना शेरास सव्वाशेर भेटला.

रोज दुपारी एक वाजला की कुणीतरी गेम खेळायचं. काकांनी पहिली वाट बंद केली, तर चार दिवसांत दुसरी निघाली. दुसरी बंद केली, तर तिसरी. पावणेदोनला सगळं चिडीचूप. तासाला उशीर करायचा नाही, वाचनालयाचा वेग कमी होऊ द्यायचा नाही, असा जणू त्या चोराचा नियमच होता. काका चिडत होते, पण चिडता चिडता दाद देत होते. घरी जेवताना ते बायकोला आणि भाचीला रोजची हकिकत ऐकवत.

"आज काय केलं असेल त्यानं?" काका विचारायचे. "साधी वेबसाइट बघतोय असं भासवून आतून गेम! डोकं आहे बरं का पोराला."

भाची मान खाली घालून जेवायची. ती त्याच कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती आणि शिकायला म्हणून मामाकडे राहत होती. पाऊल वाजत नाही, तोंडातून शब्द निघत नाही, म्हणून मामी तिला मांजर म्हणायची. पाहुणे आले की ती आतल्या खोलीत, आणि ते गेले की बाहेर. "हिचं पुढं कसं व्हायचं?" ही मामीची नेहमीची काळजी.

तिसरी वाट बंद केल्यावर आठवडाभर शांतता होती. काकांना वाटलं, जिंकलो. मग एका दुपारी नेटवर्कवरच्या यंत्रांची यादी चाळताना त्यांचे डोळे विस्फारले. दुसऱ्या मजल्याच्या बोळात सूचना दाखवायला एक पडदा लावलेला होता. अशा पडद्यांना नेटवर सगळीकडे मुभा होती. तो पडदा रोज एक ते पावणेदोन भरपूर डेटा ओढत होता. गंमत म्हणजे तो सहा महिन्यांपूर्वीच जळाला होता. भिंतीवर त्याचे चार खिळे तेवढे उरले होते.

पडदा मेला होता, पण यादीतलं त्याचं नाव काकांनी खोडलं नव्हतं. आणि कुणीतरी आपल्या लॅपटॉपला त्याच नावानं आत सोडलं होतं.

काका खुर्चीतून उठले, पुन्हा बसले आणि एकटेच मोठ्यानं म्हणाले, "शाब्बास!"

पडद्याचं नाव खोडणं एका बोटाचं काम होतं. पण आता त्यांना माणूस बघायचा होता. दुसऱ्या दिवशी सव्वा वाजता ते जिना चढून वर गेले. माग थेट चित्रकलेच्या रिकाम्या वर्गापर्यंत जात होता. दार नुसतं लोटलेलं. आतून आवाज येत होता.

"डावीकडून कुणी जायचं नाही. तू पुलाखाली थांब, तू माझ्या मागं. घाई नको. ते चुकणार आहेत, त्यांना चुकू दे... आता! आता चला!"

स्वच्छ, ठाम आवाज. त्यात आरडाओरडा नव्हता, पण ऐकणाऱ्यानं हलायलाच हवं असा तो होता. काकांचा हात दारावरच थांबला. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता आणि नव्हताही. फटीतून त्यांनी पाहिलं. चार मुली, कानांवर हेडफोन, आणि मधे ताठ बसलेली त्यांची भाची. हिला आपण कधी सलग दोन वाक्यं बोलताना तरी ऐकलं होतं का? काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच!

ते दार न वाजवताच खाली उतरले. जिन्यात मधेच थांबून त्यांनी स्वेटरच्या बाहीनं डोळे पुसले आणि लगेच स्वतःवरच वैतागले. कारण पुढचं काम अवघड होतं. चार वर्षांपूर्वी याच गुन्ह्यासाठी एका मुलाचं नाव त्यांनी प्राचार्यांकडे दिलं होतं. मग आज?

संध्याकाळी त्यांनी आडपडदा ठेवला नाही.

"चित्रकलेचा वर्ग," ते म्हणाले. "उद्या प्राचार्यांकडे कागद जाणार. त्यात तुझं नाव आहे."

मामीच्या हातातला डाव भांड्यात पडला. "स्वतःच्या भाचीची तक्रार? लोक काय म्हणतील?"

"नाही केली तर काय म्हणतील ते सांग. कुंपणच शेत खातंय, असंच ना?"

भाची पांढरीफटक पडली होती. पण तिनं या वेळी मान खाली घातली नाही.

"मामा, कागदात माझं एकटीचं नाव घाल. कल्पना माझी होती. त्या चौघी फक्त खेळल्या."

"आणि खेळायचं होतं तर घरी का नाही?"

"आपल्याकडचं नेट पाचदा तुटतं. संघ माझ्या जिवावर बसलेला असतो." मग ती आत गेली आणि वहीचं पान घेऊन आली. "हेही जोड. असे आणखी दोन पडदे आहेत, आणि जुन्या छपाई यंत्राचं नाव पण यादीत आहे. तिथनंही कुणी शिरेल."

काकांनी पान वाचलं. अक्षर बारीक, नीटनेटकं. एकोणीस वर्षांत त्यांच्या भिंतीतली भोकं त्यांना कुणी इतकी स्वच्छ दाखवली नव्हती.

प्राचार्यबाई कमी बोलणाऱ्या. त्यांनी दोन्ही कागद वाचले आणि चष्म्यावरून पाहिलं.

"ही तुमची कोण?"

"सख्खी भाची. म्हणूनच मी स्वतः आलोय. आणि एक ओळ राहिलीय, ती मी तुमच्यासमोर लिहितो. मेलेल्या पडद्याचं नाव न खोडणं, ही चूक माझी."

बाईंनी पेन उचलून शेरा लिहायला घेतला. "महिनाभर हिला नेटवर्क बंद. चौघींना ताकीद. आणि महिनाभर रोज एक तास हिनं तुमच्या हाताखाली बसून ती यादी साफ करायची."

मामा-भाचीनं स्वेटर घालून महिनाभर यादी उपसली. एक्केचाळीस मेलेली नावं निघाली. एखादं नाव सापडलं की ती नुसतं बोट ठेवायची, आणि काका म्हणायचे, "तोंडानं सांग. वर्गात सांगत होतीस तसं." तिसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "मामा, हा नियम चुकीचा लिहिलाय," आणि का ते तिनं दहा मिनिटं समजावून सांगितलं. नियम खरंच चुकीचा होता. तो काकांनीच लिहिलेला होता.

महिना संपल्यावर काकांनी आयुष्यात पहिल्यांदा कुलूप उघडायचा अर्ज केला. एक खोली, एक तास, ठरावीक वेग, वाचनालयाला धक्का नाही. क्रीडाशिक्षक हसले. "घाम येत नाही तो खेळ कसला?"

"एकदा येऊन बघा," काका म्हणाले. "तुम्हालाच फुटेल."

वसंतात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा झाली. उपांत्य सामना त्याच वर्गात, क्रीडाशिक्षक पहिल्या बाकावर. मुली दोन डाव मागं होत्या. भाची पाणी प्यायली आणि चौघींना म्हणाली, "आपण घाबरून पळतोय. आता थांबून खेळू." तीन डाव सलग जिंकल्या. क्रीडाशिक्षकांचा रुमाल ओलाचिंब झाला होता. समोरासमोर झालेला अंतिम सामना मात्र त्या हरल्या, अगदी थोडक्यात. एक मुलगी रडली, तेव्हा भाची तिच्या खांद्यावर हात ठेवून विरुद्ध संघाच्या कप्तानाशी बोलत उभी राहिली. भर गर्दीत, हसून.

जिंकलेल्या कॉलेजचे नेटवर्कवाले काकांशेजारी उभे होते. त्यांचेही केस पिकलेले, अंगात तसाच स्वेटर.

"तुमची कप्तान भारी आहे हो," ते म्हणाले. "ओळखीची का?"

"माझी भाची," काका म्हणाले. मग छाती पुढं काढून, आजूबाजूच्या चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी पुढं सांगितलं, "तीन महिने माझं नेटवर्क फोडत होती. एकोणीस वर्षांत कुणाला जमलं नव्हतं!"