तासभराचा दम

तिने मुद्दामच बाळाच्या हातात स्टीलचं झाकण आणि चमचा दिला. खणखणाट सुरू झाला. आतल्या खोलीतलं बोलणं क्षणभर थांबलं, मग आईचा आवाज आला.

"अगं, त्याला जरा गॅलरीत ने ना. हिचं लक्ष उडतंय."

हिचं म्हणजे खालच्या दुकानातल्या शिंपीणबाईचं. ती पहिल्यांदा आली होती आईचे सैल झालेले गाऊन शिवून आत घ्यायला. आजारात आईचं अंग इतकं उतरलं होतं की एकेक गाऊन तीन-तीनदा उसवून शिवावा लागला. "मावशी, आता कापड कमी आणि टीपच जास्त झालीय," असं म्हणत तिने आईला हसवलं, आणि आईने तिला जवळ बसवून घेतलं. तेव्हापासून रोज चार वाजता ती गळ्यातली मोजपट्टीसुद्धा न काढता वर यायची, आणि आई उशीला टेकून तिला बायबलमधलं प्रभूचं सांगत राहायची.

डॉक्टरांनी फार तर दोन महिने म्हटलं होतं. दिवसातून तासभर बोलण्याइतकाच दम आईत उरला होता. तो तास शिंपिणीचा. मुलीच्या वाट्याला "पाणी दे" आणि "पडदा ओढ."

शिंपीण निघाली तेव्हा सव्वापाच वाजत आले होते.

"येते हं ताई."

तिने नुसती मान हलवली.

औषध देताना चमचा आईच्या दातांवर आपटला.

"चिडलीस?"

"छे, मी कशाला चिडू?" तिने बाटलीचं झाकण गच्च पिरगाळलं. "कोण कुठली ती! तिच्यासाठी बरा दम असतो तुला. मी रोज दोन बस बदलून, पोराला काखेत मारून येते ती काय नुसती औषधं पाजायला?"

आई बराच वेळ श्वास गोळा करत राहिली.

"तिची लेक गेलीय गं. कायमची गेली असं धरून बसलीय ती. ती पुन्हा भेटेल हे मला ठाऊक असून मी गप्प राहू? आणि तिच्या दुकानात दिवसाला दहा बायका येतात. ती पुढे सांगेल."

"आणि मी?"

आईने तिचं मनगट धरलं. बोटं थंड होती.

"तुझी मला काळजीच नाही. तू तर भेटणारच आहेस मला तिथे. तेव्हा बोलू की पोटभर."

संध्याकाळी बाजारात भेटू म्हणावं, तितकं सहज. ती पांघरूण सारखं करत राहिली. ते सारखंच होतं. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून चर्चमधल्या उपासनेत तिचे फक्त ओठ हलत होते. आईला हे कधी कळलं नव्हतं. तिने तोंड उघडलं.

"सूप गरम करू?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी शिंपीण आली तेव्हा आईचा नुकताच डोळा लागला होता. बाळही आजीच्या कुशीत झोपलं होतं.

"निजू दे मावशींना. उद्या येते मी."

"थांबा." तिने खुर्ची पुढे ओढली. "काल आईने काय सांगितलं तुम्हाला?"

"अगंबाई, परीक्षा घेताय होय? तुम्ही जन्मापासूनच्या, ताई. मी अजून कच्ची आहे."

"सांगा ना."

शिंपीण खुर्चीच्या कडेवर टेकली. "कबरीत प्रभू नव्हते, पण कापडं तिथेच होती. तोंडावरचा रुमाल वेगळा, नीट गुंडाळून ठेवलेला. मी तिथेच अडकले बघा. मढं पळवून नेणारा माणूस घड्या घालत बसेल का? हे ऐकलं, आणि वाटलं, माझी लेकही उठेल." तिचे डोळे भरून आले होते, आणि ती हसत होती.

त्या चेहऱ्याकडे तिला बघवेना, आणि नजरही काढवेना.

"मग पुढे काय झालं?"

शिंपीण थबकली. "तुम्हाला माहीत नाही होय?"

तिने उठून आईच्या खोलीचं दार हलकेच लोटून घेतलं.

"नाही," ती म्हणाली.