दुसरा हात

साडेआठला बेल वाजली आणि तिने रंगाऱ्याला घरात घेतलं. तिचा नवरा स्वतः रंगारी, त्याच्याच घरात. शेजारीण जिन्यात उभी होती. तिने त्याच्या खांद्यावरच्या शिडीच्या घोड्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं, आणि ही बातमी दुपारपर्यंत चारही मजले फिरणार हे नक्की झालं.

"दादा कुठंयत?" त्याने दबकत विचारलं.

"बहिणीकडे गेलेत. तीन दिवस."

"मग तीन दिवसांत उरकतो," तो म्हणाला. चपला मात्र त्याने दारात सोडल्या नाहीत. पळायची वेळ आलीच तर म्हणून हातात धरूनच तो आत आला.

तिचा नवरा या माणसाला 'लाटणं' म्हणायचा, कारण तो रोलरने रंग देतो. भिंत रंगवायची असते, लाटायची नसते, हे नवऱ्याचं ठाम मत. दहा वर्षांत लाटण्याने त्याची निम्मी गिऱ्हाइकं नेली होती आणि तीही वेळेवर येऊन, गोड बोलून. हे जास्त झोंबणारं होतं. पण बाकी सगळे रंगारी नवऱ्याचे दोस्त. त्यांतल्या कुणाला बोलावलं असतं तर तासाभरात बहिणीकडे फोन गेला असता.

हॉलच्या भिंतीचे पोपडे तीन वर्षं पडत होते. नवरा दर वेळी 'पुढच्या आठवड्यात' म्हणायचा. वर्षापूर्वी त्याने तेही म्हणणं सोडलं, तेव्हा तिने नीट लक्ष दिलं. त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. फळीवरचा डबा तो आता मागत नसे, डब्याशिवायच चालवून घेई. आलेली कामं 'पार्टी बरोबर नाही' म्हणून परतवत होता. त्याने सांगितलं नाही, तिने विचारलं नाही. भिंत रंगून निघावी आणि त्याला तोंडाने काही कबूल करावं लागू नये, एवढाच तिचा बेत होता. तिला तो फार हुशारीचा वाटला होता.

अकराच्या सुमाराला बेत फसला.

अडगळीच्या खोलीतलं सामान हलवताना लाटण्याने तिथलं दार लोटलं. ते दार नेहमी भिंतीला टेकलेलं असायचं. फक्त संध्याकाळी नवरा 'ब्रश साफ करतो' म्हणून अर्धा तास आत जायचा, तेवढंच ते बंद व्हायचं. दारामागची भिंत तिने कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती.

भिंतभर आडव्या रेघा होत्या. पिस्ता, आकाशी, पिवळी, जो रंग उरला असेल त्याची. कमरेच्या उंचीवरच्या रेघा गांडुळासारख्या वळवळत होत्या. त्यावरच्या जरा सावरलेल्या. छताजवळच्या दहा-बारा तर दोरी लावून मारल्यासारख्या.

"हे काय?" तिने विचारलं.

लाटण्याने जवळ जाऊन रेघा निरखल्या. मग एका रेघेच्या उजव्या टोकावर बोट ठेवलं. "वहिनी, ब्रश उजवीकडून टेकलाय. रंग इथं दाट आहे, डावीकडे सुकत गेलाय. या सगळ्या डाव्या हाताच्या आहेत."

ती खोक्यावर बसली. माणूस रोज अर्धा तास दार लावून नव्याने काम शिकत होता, आणि आपण त्याच्या जागी दुसरा आणून उभा केला. तो परत येईल, याला बघेल, आणि बायकोनेच आपल्याला मोडीत काढलं असं समजेल. 

"तुम्ही जा," ती म्हणाली.

"हॉलची निम्मी भिंत खरवडलीय. अशी टाकून गेलो तर दादा जन्मभर नावं ठेवतील." त्याने खरवडायचा पत्रा पुन्हा उचलला. "आणि ते बरोबरच असेल."

तिसऱ्या दिवशी दुपारी नवरा आला. सांगितल्या वेळेच्या चार तास आधी. शेजारीण जिन्यातच भेटली असावी, कारण तो दारातूनच म्हणाला, "कुठंय ते लाटणं?"

लाटणं हॉलमध्ये उभं होतं. एका भिंतीला रोलरने रंगाचा पहिला हात दिला होता. फक्त छताखाली वीतभर पट्टी कोरी होती. नवऱ्याने भिंतीवरून तळवा फिरवला, वाकून उजेडात पाहिलं. खोट काढायला काही सापडलं नाही, तेव्हा त्याचा चेहरा पडला.

"वरचं कुणी करायचं?" त्याने विचारलं.

"कड माझ्याने नाही होत, दादा. रंग छतावर चढतो."

"दहा वर्षं काय केलंस मग?"

"चुकवलं."

नवऱ्याने बायकोकडे पाहिलं. ती फडकं शोधायला लाटण्याच्या पिशवीत वाकली होती. पिशवीत चिकटपट्टीच्या चार गुंडाळ्या होत्या, एक अर्धी वापरलेली. ती छताला लावली की कुणालाही कड सरळ मारता येते. तिने वर पाहिलं. लाटणं छताकडे बघत होतं. तिने गुंडाळ्या तळाशी सारल्या आणि फडकं घेऊन उठली.

नवरा घोड्यावर चढला. ब्रश उजव्या हातात होता. तो क्षणभर तसाच थांबला, मग त्याने ब्रश डाव्या हातात घेतला. खिडकीच्या कोपऱ्यात टेकवला आणि श्वास रोखून ओढला. दोनदा घोडा सरकवला. दारापर्यंत पोचला तेव्हा छत पांढरंच राहिलं होतं आणि कड सुरीने कापल्यासारखी दिसत होती. तिला रडू येत होतं आणि टाळ्याही वाजवाव्याशा वाटत होत्या. तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही.

तो खाली उतरला. "तुला कधी कळलं?"

"तुम्ही भांग उलटीकडे पाडायला लागलात तेव्हा."

"आणि याला बोलावलंस. म्हणजे मी कामातून गेलो असं धरलंस."

"धरलं होतं," ती म्हणाली. "चुकलं माझं."

 तो वर कडेकडे बघत राहिला, आणि बघता बघता त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याला लपवता येईना. मग तो लाटण्याकडे वळला.

"दुसरा हात कधी देणार होतास?"

"आजच, पहिला वाळला की."

"दुसरा हात माझा. तू उद्या सातला ये आणि बघ."

"येतो," लाटणं म्हणालं. आता त्याने चपला नीट दारात नेऊन ठेवल्या.

तिने चहा टाकायचं म्हटलं, तर नवऱ्याला तेवढाही धीर नव्हता. त्याने घोडा दुसऱ्या भिंतीकडे ओढला, वर चढला आणि मागे वळून हात पुढे केला.

"जरा रंगाचा डबा वर दे गं. उजव्याने उचलवत नाही मला."