मावशीच्या तोंडी ताईचा आवाज

या, बसा असे. टेकून बसा, पाय सैल सोडा. एक गोष्ट सांगतो. हसवणाऱ्या सिनेमाची आहे, पण ऐकून हसायला येईलच याची हमी देत नाही.

सिनेमात माणूस चालतो ना, त्याच्या बुटांचा आवाज बरेचदा मागाहून घालतात. एका बंद खोलीत, पडद्याकडे बघत, दुसराच कुणीतरी पाय आपटत असतो. कपड्यांची सळसळ, दाराची करकर, मोडलेलं हाड, सगळं तोच करतो. हाडाच्या आवाजासाठी गाजर मोडतात, बरं का. तर आपल्या गोष्टीतला माणूस हेच काम करायचा. जुने बूट, बिजागऱ्या, पत्रे, ओली फडकी घेऊन दिवसभर खुडबुडत असायचा, म्हणून त्याचं नावच पडलं खुडबुड्या. कामात एकदम पक्का. घरात बायको, नुकतीच शाळेत जायला लागलेली छकुली आणि थोरली बहीण.

ही ताई म्हणजे त्याची आईच म्हणा ना. आई गेल्यावर हिनेच शिवणयंत्र चालवून त्याला वाढवलं. लहान मुलांचे कपडे शिवायची. शिवण इतकी बारीक की शोधावी लागायची. पण काही वर्षांपासून तिला एक भलतंच लागलं होतं. कपडा तयार झाला की डोक्यात यायचं, यात सुई राहिली. नुसतं यायचं नाही हो, समोर दिसायचं. बाळाच्या मानेत रुतलेली सुई. मग ती कपडा चाचपायची, उलटा करून चाचपायची, डबीतल्या सुया मोजायची, धड असलेली शिवण उसवायची, पुन्हा घालायची. बोटांची सालटी निघायची. आणि सगळा वेळ तोंडाने पुटपुटत, "बघितलं ना? बघितलं. नीट? नीट बघितलं." मग एक आवंढा, आणि पुन्हा पहिल्यापासून. सुई कधीच राहिलेली नसायची. हे तिलाही कळायचं. कळूनही थांबता यायचं नाही.

शेवटी खुडबुड्याच्या बायकोनेच हट्ट धरून तिला डॉक्टरांकडे नेलं. दुखण्याचं नाव कळलं, ओसीडी. औषध सुरू झालं. शिवाय डॉक्टरीणबाईंनी एक अवघड काम सांगितलं. कपडा एकदाच बघायचा, पुडकं बांधायचं, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. भीती अंगावर आली की येऊ द्यायची, काही करायचं नाही. ओसरते ती. ताई घामाने निथळायची, पण करायची. एक दिवस तिने एक झबलं एकदाच बघून दाराबाहेर दिलं, तेव्हा बायकोने आत जाऊन गुपचूप डोळे पुसले.

नेमका त्याच दिवसांत खुडबुड्याकडे एक विनोदी सिनेमा आला. त्यात एक मावशी. सगळं घर गाडीत बसून हॉर्न वाजवतंय आणि मावशी आपली दाराचं कुलूप ओढून बघतेय. चार पावलं जाते, परत येते, परत ओढते. चेहरा दिसत नाही, कॅमेरा पाठीमागे. दिग्दर्शकाला तिचं पुटपुटणं हवं होतं. नटीने करून दाखवलं ते त्याला पटेना, म्हणे खोटं वाटतं. खुडबुड्या म्हणाला, थांबा साहेब, मी आणतो.

आणि आणलं की! ताईच्या दाराबाहेर त्याने आवाज टिपायचं यंत्र ठेवलं. आत ती एका फ्रॉकशी झगडत होती, आणि बाहेर हा तिचा श्वास न् श्वास टिपत होता. त्याच्या मनात पाप नव्हतं. त्याच्या लेखी आवाज म्हणजे उचलायचा आणि चिकटवायचा. दिग्दर्शक पोट धरून हसला, पाठ थोपटली, आणि याला बरंच वाटलं.

सिनेमा लागला. ताईने माणसांत जावं असं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं होतं, म्हणून बायको हौसेने तिकिटं घेऊन आली. सिनेमाच्या शेवटी पडद्यावर नवऱ्याचं नाव येतं ते ताईला दाखवायचं होतं. खुडबुड्याने डोकेदुखी काढून पाहिली, काम काढून पाहिलं. खरं कारण सांगायची छाती नव्हती. मग स्वतःचीच समजूत घातली, आपला आवाज आपल्याला कुठे ओळखू येतो!

पडद्यावर मावशी कुलपाशी आली. "बघितलं ना? बघितलं. नीट?" थिएटर हशाने दणाणलं. त्या हशात छकुली खुर्चीवर उभी राहिली आणि टाळ्या पिटत म्हणाली, "बाबा, ही तर आपली आत्या बोलतेय!"

पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली, आणखी हसायला लागली. ताईने छकुलीला खाली बसवलं आणि सिनेमा शेवटपर्यंत बघितला. शेवटी भाचा मावशीच्या हातातली किल्ली हिसकावतो आणि नदीत भिरकावतो. मावशी रडते, मग हसते, मग नाचते. झाली बरी! लोक खूश होऊन घरी गेले.

ताईने घरी आल्यावर शिवायला आलेले कपडे तसेच परत केले आणि खोलीचं दार लावून घेतलं. डॉक्टरांकडे येणार नाही म्हणाली. गल्लीतली पोरं येताजाता कुणाचंही कुलूप ओढून ओरडायची, नीट बघितलं, नीट बघितलं. ताईच्या खोलीतून आता आवाजच येईना. खुडबुड्याला वाटलं, थांबलं असेल. बायकोने फटीतून पाहिलं, तर ताई ओठ दातांखाली दाबून स्वतःच्याच जुन्या झग्याची शिवण उसवत होती. हनुवटीवर रक्त आलं होतं.

खुडबुड्या दिग्दर्शकाकडे धावला. तेवढा आवाज काढून टाका म्हणाला. दिग्दर्शक म्हणाला, वेडा आहेस का, तोच तर चाललाय, आणि ती कोण ते कुणाला कळतंय?

माणूस गांगरला की बघितलेलंच करतो. खुडबुड्यानेही केलं. ताई आंघोळीला गेली तेव्हा तिची सुयांची डबी खिशात घातली आणि रस्त्याच्या टोकाला पुलावरून नदीत टाकून आला. घरी येऊन म्हणाला, "संपलं ताई. गेल्या सुया. आता मोकळी हो."

ताईने त्याचा रिकामा खिसा चाचपला. "झाकण सैल आहे रे तिचं. वाटेत एखादी पडली असली तर? पोरं अनवाणी खेळतात तिथे."

आणि ती धावली. भर दुपारी, ओल्या केसांनी. घराच्या पायरीपासून पुलाकडे, गुडघ्यांवर, दोन्ही तळवे डांबरावर फिरवत. खडी घुसली, काच घुसली. एक ट्रक करकचून थांबला तो तिच्या डोक्यापासून हातभर अंतरावर. पुढे बायको दोन्ही हात पसरून गाड्या अडवत होती. कडेला उभ्या पोरांनी ओरडायला सुरुवात केली, नीट बघितलं! आणि मोठी माणसं हसली. ओळखीचा विनोद होता ना.

ताईला घरी आणून, हातांना पट्ट्या बांधून झाल्यावर बायको नवऱ्यासमोर येऊन उभी राहिली. एरवी भांडण झालं की भांडी आपटणारी बाई, त्या दिवशी हळू बोलली.

"अहो, तिला सुया मोजायची हौस आहे का? तुमच्या सिनेमात कुलूप दिसतं, ओढणारा हात दिसतो. ती का ओढते ते कुठे दिसतं? ताईला दर वेळी समोर मेलेलं मूल दिसतं, दर वेळी. लोकांना तुम्ही नुसती पाठ दाखवलीत, मग ते हसणार नाहीत तर काय? आणि किल्ली फेकली की माणूस बरा? मग औषध कशाला? एकेक झबलं हातातून सोडताना ती बाई तीळ तीळ तुटत होती, ते कशाला? हसवा ना, कोण नको म्हणतंय. पण बरं होणं इतकं स्वस्त दाखवू नका. त्या स्वस्ताईपायी आज ती ट्रकखाली जात होती."

खुडबुड्या मान खाली घालून ताईच्या दारात गेला. म्हणाला, "ताई, मी चोरी केली."

"ठाऊक आहे," ताई म्हणाली. "यंत्राचा लाल दिवा दाराखालून दिसत होता मला. मला वाटलं, डॉक्टरीणबाईंना ऐकवायला घेतोयस. म्हणून मी थांबले नाही, गप्प झाले नाही. म्हटलं, कळू दे त्यांना सगळं."

खुडबुड्या दारातच खाली बसला.

"माझा आवाज परत आणून दे," ती म्हणाली.

"नाही येत गं आता."

ताईने पट्टीचं सुटलेलं टोक आत खोचलं. मग म्हणाली, "तर मग हसले त्यांना सांग, ते काय होतं ते. मला नाही सांगता येत, माझं तोंडच उघडत नाही. तू सांग."

तेव्हापासून तो सांगतो. स्टुडिओत सांगतो, चहाच्या टपरीवर सांगतो, त्या पोरांच्या आयांना घरी जाऊन सांगून आला. असंच दुखणं असलेला एक गमत्या पुढच्या सिनेमात होता, तेव्हा खुडबुड्या दिग्दर्शकाला म्हणाला, आधी डॉक्टरांकडे जा, ज्याला हे आहे त्याच्याशी त्याच्या मर्जीने बोला, मगच मी आवाज देतो. त्यांनी खुडबुड्यालाच कामावरून काढून घरी पाठवलं. ताई बायकोचा हात धरून पुन्हा डॉक्टरांकडे जाते, पण सगळं मुळापासून सुरू करावं लागलंय. शिवणयंत्रावर अजून चादर आहे. भावाशी ती कामापुरतं बोलते.

तर बाबांनो, ओसीडी म्हणजे टापटिपीचं वेड नव्हे, की चक्रमपणा नव्हे. ते भीतीचं दुखणं आहे. त्यावर औषध आहे, इलाज आहे, पण तो नदीत काही फेकून होत नाही. आपण असल्या गोष्टींवर हसतो, म्हणून दुखणं असलेला माणूस तोंड मिटून घेतो, आणि तोंड मिटलं की इलाज थांबतो. एवढं मनात धरा.

आणि माझं एक ऐका. पुढच्या वेळी पडद्यावर असं पात्र आलं आणि सगळं थिएटर हसायला लागलं, तर शेजारच्या खुर्चीकडे एकदा बघा. तिथे कुणी गप्प बसलं असेल, तर बाहेर पडल्यावर त्याला हळूच विचारा, तुला काही सांगायचंय का? आणि तो सांगायला लागला, तर शेवटपर्यंत ऐका.