एक घड्याळ, एक ताटली

"मानवजातीच्या इतिहासाचे दोनच भाग पडतात," घड्याळजींनी सकाळी स्वयंपाकघरात जाहीर केलं. "यंत्रं माणसाला राबवत होती, तो पहिला. आज दुपारपासून दुसरा."

"बरं. पण तो सुरू करायच्या आधी बनियन सुलट घाला," बायको म्हणाली.

घड्याळजींनी घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद करून सहा वर्षं झाली होती. हात मात्र अजून शिवशिवत. लॅपटॉप हल्ली सुरू व्हायलाच वीस मिनिटं घेई. मुलगा म्हणाला, भंगारात द्या. ते घड्याळजींनी मनाला लावून घेतलं. आयुष्यभर मेलेली घड्याळं उठवली, हा तर नुसता झोपाळू. त्यातली जुनी विंडोज काढून लिनक्स ही हलकी, फुकटची प्रणाली टाकली की पळेल, असं त्यांनी वाचलं होतं. टेबलावरच्या जाड कापडाने लॅपटॉपचा पंखा कोंडत होता, म्हणून खाली भाजी चिरायची फळी घेतली आणि कंबर कसली.

अडचण एकच होती. बायको निवृत्त नर्स. पस्तीस वर्षांच्या वॉर्डातल्या आठवणी तिने त्या लॅपटॉपमध्ये लिहिल्या होत्या. एकशे बारा पानं.

"त्यांना धक्का लागला, तर एकशे तेरावं पान तुमच्यावर," तिने आधीच सांगून ठेवलं.

घड्याळजींचा धंद्यातला नियम होता : एक घड्याळ, एक ताटली. उघडलेल्या घड्याळाचे सगळे भाग एकाच ताटलीत; दोन घेणाऱ्याचा स्क्रू हरवतोच. त्या नियमाने त्यांनी पानं एका पेनड्राइव्हवर उतरवली आणि मग लॅपटॉपमध्ये टाकायचं लिनक्सही त्याच पेनड्राइव्हवर चढवायला घेतलं. पडद्यावर प्रश्न आला, यावरचं सगळं पुसू? घड्याळजींनी 'हो' दाबलं. ताटली स्वच्छच हवी. पुढे तोच प्रश्न लॅपटॉपच्या डिस्कबद्दल आला. तिथेही उदार मनाने 'हो'.

अर्ध्या तासात लिनक्स बसलं. बंद करून पुन्हा चालू केलं, तर वीस सेकंदांत निळाशार पडदा हजर.

"अगं, बघ. घोडा झालाय नुसता."

"माझी पानं दाखवा."

घड्याळजींनी ऐटीत पेनड्राइव्ह उघडला. आत लिनक्सच्या फायली होत्या. पान एकही नव्हतं. तेव्हा त्यांना ती ताटली आठवली, आणि आपण ती आत काय असताना धुतली, तेही.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत नाडी मोजली.

"एकशे दहा. बसा."

मग तिने थर्मामीटरच्या डबीतून दुसरा पेनड्राइव्ह काढला. "पेशंट आत जायच्या आधी आम्ही कागदांच्या दोन प्रती काढायचो. सर्जन हुशार असला तर तीन."

"तिसरी?"

"सुनेकडे."

एकशे बारा पानं झर्रकन उघडली. बायकोने शेवटी जाऊन टाइप केलं : 'पान एकशे तेरा. आज एक जुना पेशंट खडखडीत बरा झाला. डॉक्टरांना थोडी चक्कर आली.'

घड्याळजींच्या चेहऱ्यावर रंग परतला. "म्हटलं नव्हतं मी? इतिहासाचा दुसरा भाग..."

"अहो, तो इतिहास जरा वर उचला," ती म्हणाली. "खालची फळी द्या. कांदा चिरायचाय."